चहा स्वस्त झाला, तरी बंड का झाले?

प्रश्न : माझी नात अकरावीत शिकते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाविषयी वाचताना तिला असे आढळले की, १७७३ च्या कायद्याने तिथला चहा महाग नव्हे, तर उलट स्वस्त होणार होता. तसे असेल तर बोस्टनच्या लोकांनी तो समुद्रात का फेकला? आणि करांच्या तक्रारीतून थेट स्वातंत्र्याची मागणी कशी निघाली?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आपल्या नातीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. १७७३ च्या चहा कायद्याने अमेरिकेत नवा कर बसवला नव्हता. पौंड वजनाला तीन पेन्स हा कर १७६७ पासूनच होता. नव्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला इंग्लंडमधील जकात परत मिळू लागली आणि आपला चहा मधल्या दलालांना वगळून थेट अमेरिकेत विकण्याची मुभा मिळाली. त्यामुळे तस्करीने येणाऱ्या डच चहालाही तो भारी पडणार होता. वसाहतींतील पुढाऱ्यांना खरी भीती या स्वस्ताईचीच वाटली. लोकांनी तो घेतला असता, तर ज्या संसदेत आपला एकही प्रतिनिधी नाही, तिने बसवलेला कर त्यांनी मुकाट्याने मान्य केल्यासारखे झाले असते. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असा तो हिशेब होता.

या करातून येणारा पैसा गव्हर्नर आणि न्यायाधीश यांच्या पगारांसाठी वापरायचा, हे सरकारचे धोरणही लोकांना डाचत होते. तोवर बहुतेक वसाहतींत हे पगार तिथली विधिमंडळे मंजूर करत आणि एखादा गव्हर्नर फारच शेफारला, तर पगार अडवून त्याला वठणीवर आणता येई. हा लगाम आता लंडनच्या हाती जाणार होता. त्यात बोस्टनमध्ये चहा विकण्याचा मक्ता ज्या मोजक्या व्यापाऱ्यांना मिळाला, त्यांत गव्हर्नर टॉमस हचिन्सन यांचे दोन मुलगे होते. (तस्करीच्या चहावर गब्बर झालेले काही व्यापारीही स्वातंत्र्याच्या गप्पा मोठ्याने मारत होते, हे लपवण्याचे कारण नाही. पण केवळ त्यांच्या पोटदुखीने एवढा वणवा पेटला नसता.)

हे सगळे दहा वर्षे साचत आले होते. फ्रान्सविरुद्धचे सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले, तेव्हा ब्रिटनचे कर्ज जवळजवळ दुप्पट झाले होते आणि वसाहतींच्या रक्षणाचा काही खर्च वसाहतींनीच उचलावा, असे मंत्र्यांना वाटत होते. त्यांच्या बाजूने पाहिले तर ही अपेक्षा अगदीच गैर नव्हती. १७६५ मध्ये वर्तमानपत्रे, करारनामे, परवाने, इतकेच नव्हे तर पत्त्यांचे जोड यांवरही मुद्रांक आला. दस्तऐवजांशी रोज संबंध येणारे वकील, छापखानेवाले आणि व्यापारी, म्हणजे लिहिण्या-बोलण्यात तरबेज असलेला वर्गच सरकारने एका फटक्यात दुखावला. ऑगस्टमध्ये बोस्टनला मुद्रांक-वितरक अँड्र्यू ऑलिव्हर यांची प्रतिमा झाडाला टांगली गेली आणि त्यांनी पद सोडण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी कायदा रद्द झाला. पण त्याच वेळी, वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधील करण्याचा अधिकार संसदेला आहे, असे जाहीर करणारा दुसरा कायदाही मंजूर झाला. सुंभ जळला, तरी पीळ राहिला. १७७० मध्ये इतर वस्तूंवरचे कर उठवून एकट्या चहावरचा कर राखला, तो याच पिळापायी.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री घाई का झाली, याचे कारण साधे कारकुनी आहे. ‘डार्टमथ’ हे पहिले जहाज बंदरात येऊन वीस दिवस होत आले होते. त्या मुदतीत जकात भरली नाही, तर अधिकाऱ्यांना माल जप्त करता आला असता आणि मग तो बाजारात येणारच होता. माल न उतरवता जहाजे परत पाठवावीत ही मागणी हचिन्सन यांनी फेटाळली; तेव्हा त्याच रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून सुमारे ४२ टन चहा पाण्यात टाकण्यात आला. फिलाडेल्फियाहून मात्र असेच आलेले जहाज माल न उतरवता परत गेले आणि तिथे काहीच घडले नाही.

क्रांतीचा खरा सांधा मला १७७४ मध्ये दिसतो. चहाची शिक्षा म्हणून संसदेने बोस्टनचे बंदर बंद केले. ज्यांनी चहा बुडवला त्यांच्याबरोबर हमाल, कोळी आणि सुतार यांच्याही पोटावर पाय आला. तोपर्यंत ‘बोस्टनची कटकट’ म्हणून दूर राहणाऱ्या वसाहती आता जाग्या झाल्या. दक्षिण कॅरोलिनातून तांदूळ आला, कनेक्टिकटमधून मेंढ्या हाकत आणल्या गेल्या. बोस्टन ज्या वसाहतीत होते, त्या मॅसाच्युसेट्सची सनद बदलून तिथल्या गावसभांवरही निर्बंध घातले गेले. कर चुकवता येतो, स्वस्त चहा नाकारता येतो; पण आपल्या गावची सभाच सरकारी परवानगीवाचून भरवता येणार नाही, हे शेतकऱ्याला घरात बसूनही कळत होते.

६ सप्टेंबर १७७४ रोजी मॅसाच्युसेट्समधील वूस्टर या गावी न्यायालय उघडायचे होते. आसपासच्या गावांतून साडेचार हजारांहून अधिक माणसे आली आणि रस्त्याच्या दुतर्फा रांगा धरून उभी राहिली. न्यायाधीश व इतर अधिकारी डोक्यावरची टोपी हातात घेऊन त्या रांगांमधून चालत गेले. नव्या कायद्याखाली काम करणार नाही, हे त्यांना वाटेत पुन्हा पुन्हा वाचून दाखवावे लागले. एकही गोळी सुटली नाही. युद्धाला तोंड फोडणारी लेक्सिंग्टनची चकमक यानंतर सात महिन्यांनी झाली. दरम्यान फिलाडेल्फियात बारा वसाहतींच्या प्रतिनिधींची परिषद, म्हणजे काँग्रेस, भरली आणि ब्रिटिश मालावरील बहिष्कार राबवण्यासाठी गावोगाव समित्या नेमण्याचा निर्णय झाला. दुकानदारांच्या वह्या तपासणाऱ्या या समित्या पुढे भाव ठरवू लागल्या, माणसे भरती करू लागल्या, विरोधकांना धाकही घालू लागल्या. तक्रार मांडण्यासाठी उभी राहिलेली व्यवस्थाच हळूहळू सरकार होऊन बसली.

तरीही स्वातंत्र्याचा शब्द बहुतेकांच्या तोंडी नव्हता. राजा चांगला आहे, मंत्री वाईट आहेत, ही समजूत फार चिवट निघाली. जुलै १७७५ मध्ये, युद्ध सुरू झाल्यावरही, काँग्रेसने तिसऱ्या जॉर्जकडे समेटाचा अर्ज पाठवलाच. राजाने तो विचारात न घेता ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर ठरवल्या. पुढे जर्मन भाडोत्री फौजांची बातमी आली. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने बंडखोरांच्या गुलामांना, ते राजाच्या सैन्यात आले तर, मुक्ती देऊ केली, तेव्हा दक्षिणेतले मळेवालेही बिथरले. आपल्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांना दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची ही धास्ती होती. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन या लेखकाने आपल्या पुस्तिकेत राजेशाहीवरच सोप्या भाषेत घाव घातला. ४ जुलैच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील २७ तक्रारी आपल्या नातीने जरूर वाचाव्यात. त्या साऱ्या राजाच्या नावे मांडलेल्या आहेत. जिच्याशी दहा वर्षे भांडण चालले, त्या ब्रिटिश संसदेचे नावही तिथे घेतलेले नाही.

प्रश्न : या घटनांचा आपल्याकडच्या इतिहासाशी काही संबंध आहे का?
— तेच वाचक

उत्तर : आहे. तो चहा चीनचा असला, तरी कंपनीला मदतीची गरज पडली त्यामागे तिच्या बंगालमधील कारभाराची दुर्दशा आणि १७७० चा दुष्काळ हेही होते. बंगालला लुटणारी कंपनी आता आपल्याकडे येते आहे, असे अमेरिकन पत्रकांत लिहिले गेले. पहिले इंग्रज-मराठा युद्ध (१७७५–८२) याच काळात चालू होते. शिवाय १७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउनला ज्याच्या ब्रिटिश सैन्याने शरणागती पत्करली, तो लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर-जनरल म्हणून भारतात आला आणि टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके व आपल्या तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या बाजूने लढल्या.