जिद्दीची गोष्ट परत का येते?

प्रश्न : मी मुक्त पत्रकार आहे. अपंग वाचकांसाठी चालणाऱ्या एका ऑनलाइन नियतकालिकाला मी एका अंध विद्यार्थिनीच्या यशावर लेख सुचवला होता. ‘लेख प्रेरणादायी होईल, पण तो आमच्या वाचकांसाठी नाही’, असे उत्तर आले. विषय त्यांच्याच वाचकांचा असताना माझे चुकले कुठे?

उत्तर : विषय त्यांच्या वाचकांचा होता, पण लेख तुम्ही डोळस वाचकासाठी योजला होता. ‘अपंगत्वावर मात करून पदवी मिळवली’ हे वाक्य वाचून डोळस माणूस भारावेल. जो स्वतः रोज स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर) लावून अभ्यास करतो, त्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या ऑस्ट्रेलियन पत्रकार स्टेला यंग यांनी २०१४ मधील टेड व्याख्यानात एक आठवण सांगितली आहे. त्या पंधरा वर्षांच्या असताना गावातील कोणीतरी त्यांचे नाव कर्तृत्वाच्या पुरस्कारासाठी सुचवू पाहत होते, तेव्हा आईवडील म्हणाले की हिने तर तसे काहीच मिळवलेले नाही. तुमच्या संपादकांनाही बहुधा असेच काहीसे वाटले असावे.

त्या विद्यार्थिनीला पुन्हा भेटा आणि यशाऐवजी वाटेविषयी विचारा. परीक्षेचा अर्ज भरताना स्क्रीन रीडर नुसता ‘बटण, बटण, बटण’ एवढेच बोलत होता का? तसे असेल, तर संकेतस्थळ बनवणाऱ्याने त्या बटणांना नावेच दिलेली नाहीत, ही तुमची बातमी आहे. तिने सांगितलेली उत्तरे लिहिणारा लेखनिक कोणी नेमला, त्याला गणिताची चिन्हे येत होती का, आणि ती समजावण्यात गेलेला वेळ तिला भरून मिळाला का? संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारानेही अपंगत्वाचा विचार व्यक्तीतील उणिवेपुरता न ठेवता, ती उणीव आणि भोवतालचे अडथळे यांच्या परस्परसंबंधात केला आहे. अडथळा नेमका कोठे आहे, तो कोण दूर करू शकतो आणि एखाद्याने तो कसा ओलांडला, हे पुढच्या वर्षी त्याच परीक्षेला बसणाऱ्याला हवे असते.

प्रस्ताव दोन-तीन परिच्छेदांचा पुरे. पहिल्याच वाक्यात हाती लागलेली गोष्ट सांगा; मग तुम्ही कोणाशी बोललात, काय पडताळले आणि संबंधित संस्थेचे म्हणणे घेतले का, ते लिहा. मानधन आधीच विचारावे, त्यात संकोच नको. मजकूर स्कॅन केलेल्या पानांच्या चित्रांच्या रूपात पाठवू नका. संपादक स्वतः स्क्रीन रीडर वापरत असतील, तर चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारे सॉफ्टवेअर वापरल्याशिवाय त्यांना त्यातील एक शब्दही ऐकू येणार नाही. साधा मजकूर थेट ईमेलमध्ये लिहावा, छायाचित्रासोबत त्यात काय दिसते याचे एका वाक्यात वर्णन द्यावे आणि मुलाखतीची ध्वनिफीत असेल तर तिचा लिखित मजकूरही जोडावा.

संमतीबाबत मात्र मी आग्रही आहे. तिच्या दृष्टिदोषाचे कारण, तिचे नाव, घरची परिस्थिती यांतले काय छापायचे हे तिने ठरवावे, कारण ऑनलाइन मजकूर ती नोकरी शोधेल तेव्हाही सापडेल. आणि बोलता बोलता तिलाच हे लिहावेसे वाटले, तर संपादकांना तसे कळवा आणि स्वतःचे नाव मागे घेण्याची तयारी ठेवा.