नाणी किती आणि रुपये किती?

प्रश्न : मुलगी पावणेपाच वर्षांची आहे. वीसपर्यंत वस्तू बरोबर मोजते. पण पाच, दोन आणि एक रुपयाचं नाणं समोर ठेवलं की ठामपणे "तीन रुपये" म्हणते. समजावलं की मान डोलावते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. – एक आई, घणसोली

उत्तर : तिचं मोजणं चुकत नाही. एका वस्तूला एक बोट, एका बोटाला एक आकडा, हे आपणच तिला शिकवलं. आता एकाच नाण्याला पाच म्हणायचं, हे तिच्या दृष्टीने नियम मोडणंच झालं. त्यामुळे नुसतं सांगून भागणार नाही, तिच्या हातून मोड करून घ्यायला हवी.

रुपयाची १५-२० नाणी जमवा. जुन्या कार्डाच्या पुठ्ठ्याची पट्टी कापून तिच्यावर तीन-तीन सेंटिमीटरची पाच घरं आखा. प्रत्येक घरात एक रुपया ठेवायला सांगा. पट्टी भरली की पाचही नाणी तिनेच उचलून तुम्हाला द्यायची आणि तुम्ही तिला पाचाचं एक नाणं द्यायचं. मग उलट : तिने पाचाचं नाणं द्यायचं आणि "मोड द्या" म्हणून पाच सुटे मागायचे. सुरुवात मात्र दोन घरांच्या पट्टीने आणि दोनाच्या नाण्याने करा, पाच नंतर. प्रत्येक वेळी दोन्ही प्रश्न विचारा, "नाणी किती?" आणि "रुपये किती?" एकच प्रश्न विचारला तर ती जुन्याच सवयीने उत्तर देईल.

मोड जमली की टिचक्या. पाचाच्या नाण्यावर बोटाने पाच टिचक्या, दोनाच्या नाण्यावर दोन, एकावर एक, आणि प्रत्येक टिचकीला पुढचा आकडा. ५, २, २, १ अशी रांग लावली तर दहाव्या टिचकीला ती आपसूक दहावर पोचते. पुढे पाचाच्या टिचक्या गाळून थेट "पाच" म्हणायचं आणि तिथून "सहा-सात, आठ-नऊ, दहा".

इथे एक हमखास चूक होते. पाचाची दोन नाणी "पाच, दहा" अशी मोजून झाल्यावर दोनाचं नाणं आलं तरी मूल त्याच ठेक्यात "पंधरा" म्हणून मोकळं होतं. म्हणून मोठ्या किमतीची नाणी आधी लावा आणि किंमत बदलते तिथे चार बोटं जागा सोडा. त्या जागेवर हात ठेवून थांबायचं, "आतापर्यंत किती?" विचारायचं, मगच पुढे. दोनाच्या नाण्यांसाठी पाढा म्हणून घेऊ नका. "बे दुणे चार" म्हणताना मूल बोट कुठल्या शब्दाला हलवणार? नुसतं "दोन, चार, सहा" बरं.

प्रश्न : नातू आता पहिलीत आहे. एक आणि दोन रुपयांच्या नाण्यांत त्याचा कायम घोळ होतो. नजर तपासून घ्यावी का? – एक आजोबा, नौपाडा

उत्तर : घोळ एवढ्यापुरताच असेल, तर दोष नाण्यांचा आहे. जुना स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा आणि ४.८५ ग्रॅमचा. २०११च्या मालिकेतलं दोनाचं नाणंही २५ मिलिमीटरचं आणि ४.८५ ग्रॅमचंच. जांभळी नाक्याला भाजी घेताना मोठी माणसंसुद्धा नाणं उलटून बघतात, ते उगाच नाही.

म्हणून डब्यातली सगळी चिल्लर एकदम पुढ्यात ओतू नका. आधी २०१९ची धान्याच्या चित्राची मालिका वेगळी काढा. तीत एक, दोन, पाच, दहा ही नाणी २०, २३, २५ आणि २७ मिलिमीटर अशी चढत जातात. वीसही २७चंच, पण त्याला बारा कडा आहेत आणि दहा गोल, त्यामुळे डोळे मिटूनही कळतं. ही ओळख पक्की झाली की जुनी नाणी एकेक करून मिसळा : अकरा कोपऱ्यांचं दोन, पांढरं जाडजूड पाच, दोन बोटांच्या मुद्रेचं दोन. आता सांगायचं ते एवढंच की आकार फसवतो, आकडा बघ. नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की आकडा उमटतो. मात्र साल हाही आकडाच, तेव्हा "मोठा आकडा किमतीचा, बारका सालाचा" हे सांगून ठेवा. "आठ आणे" वगैरे शब्द तूर्त आजी-आजोबांनी आपसातच वापरावेत.

प्रश्न : बालवाडीत ३० मुलं आहेत. प्लॅस्टिकची नाणी चालतील का? – एक शिक्षिका, कळवा

उत्तर : दुकान-दुकान खेळायला चालतील, ओळख करून द्यायला नाही. वजन, कडा, खणखणाट, सगळंच खोटं असतं. घरोघरी क्यूआर कोड आल्यापासून मुलांच्या हाती खरं नाणं तसंही क्वचितच येतं. पाच मुलांच्या गटाला रुपयाची दहा, दोनाची पाच, पाचाची दोन आणि दहाचं एक पुरतं. म्हणजे गटाला ४० रुपये, सहा गटांना २४०. ट्रेमध्ये कागदावर १८ गोल काढून ठेवा. तास संपताना रिकामा गोल लगेच दिसतो.

नाणी साबणाच्या पाण्यात धुऊन, पुसून द्या. खेळ झाल्यावर मुलांचे हात धुवा. तीन वर्षांखालच्या मुलांना नाणी देऊच नका. कोणी गिळलंच तर उलटी काढायला लावू नका, वर केळं किंवा भाताचा गोळाही भरवू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. लाळ गळत असेल किंवा श्वास लागत असेल तर थेट रुग्णालयात.

प्रश्न : मुलगा वीसाच्या आणि पाचाच्या नाण्यांची बेरीज "वीस आणि पाच" इतकीच सांगतो, "पंचवीस" म्हणत नाही. – एक बाबा, वाशी

उत्तर : रक्कम त्याला कळली आहे, नाव तेवढं अडलंय. "पंचवीस"मध्ये पाच आधी येतो आणि वीस नंतर, समोर मात्र वीसाचं नाणं आधी ठेवलेलं असतं. ही अडचण ओळखूनच २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस पाच" असं वाचन दिलं होतं आणि त्यावर बराच वादही झाला. घरी दोन्ही म्हणा : नाणी ठेवताना "वीस पाच", मुठीत घेताना "पंचवीस".