प्रश्न तुमचे : सोमवार संध्याकाळ, साडेपाचची डेडलाइन

या वेळी टपालात एआयच शिरलंय, दुसरं काही नाहीच म्हटलं तरी चालेल. चार पत्रं घेतलीयत. पहिलं लांब आहे आणि त्याचं उत्तर त्याहून लांब झालंय, कारण लिहिता लिहिता माझीच जुनी जखम उघडी पडली. चहा घेऊन बसा.

प्रश्न : ताई नमस्कार. मी साखळीचा, वय ३४, वेर्ण्याला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. ऑगस्टपासून परदेशातल्या एका विद्यापीठाचा ऑनलाइन मास्टर्स करतोय, त्यात एआयचा कोर्स घेतला आणि अति उत्साहात बरोबर मशीन लर्निंगचापण घेतला. लेक्चर कंपनीच्या बसमध्ये ऐकतो, निम्म्या वेळी झोप लागते. पहिल्या असाइनमेंटला नकाशावर सगळ्यात कमी खर्चाचा रस्ता शोधणारा प्रोग्राम लिहायचा होता. माझा प्रोग्राम रस्ता शोधत होता हो, पण ऑटोग्रेडर, म्हणजे आपोआप मार्क देणारा प्रोग्राम, म्हणे हा सगळ्यात स्वस्त नाही, १०० पैकी ४१. तीन रात्री गेल्या, चूक सापडली नाही. पुढची डेडलाइन नेमकी चवथीच्या आदल्या दिवशी, खाली सगळे गणपतीवर माटोळी बांधतायत आणि मी वर खोलीत लॅपटॉप घेऊन, बाबांनी दोन दिवस बोलणं टाकलं. आता प्रोबॅबिलिटी सुरू झालीय, बारावीनंतर मी तिचं तोंड बघितलेलं नाही. ग्रुपवर सगळे लिहितात सोपं होतं. मी ढ आहे का? सोडू का? — एक वाचक, साखळी

उत्तर : तुला तूच म्हणते, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस. ढ नाहीयेस. पण नोकरी, साखळी ते वेर्णा रोजचं जाणं-येणं, आणि त्यावर दोन कोर्स एकदम, हा मात्र गाढवपणा आहे आणि तो मी ओळखते कारण मी तो स्वतः केलाय. फोंड्याला बावीस वर्षं गणित शिकवत होते, पन्नाशीला टेकले तेव्हा वाटलं आता जरा एआय शिकू, आपल्याला काय अवघड. मिडटर्मला अशी आपटले की निकाल उघडून परत बंद केला, घरात कुणाला सांगितलं नाही, नुसती भांडी घासत बसले. मग एक कोर्स विड्रॉ केला, दुसरा कसाबसा काढला, सोडलेला पुढच्या टर्मला परत घेतला. आकाश कोसळलं नाही.

तेव्हा पहिलं काम, विड्रॉची तारीख बघ आणि मशीन लर्निंग सोड. एआय ठेव. उलटं का नाही, तर यातली पहिली डोकेफोड तू करून चुकलायस, ती फुकट कशाला घालवायची.

आता ते ४१. कोड पाठवला नाहीस ते बरं केलंस, ते नियमात बसत नाही आणि मी वाचलाही नसता. पण रस्ता मिळतो आणि स्वस्त मिळत नाही, या लक्षणावरून मला वाटतं तुझी चूक ती जगप्रसिद्ध चूक आहे. कागद घे. साखळीहून मडगावला जायचंय. आकडे हिशोबापुरते धर, रस्त्यावर मोजू नकोस. साखळी ते पणजी ५० मिनिटं, पणजी ते मडगाव ६०. साखळी ते फोंडा ५५, आणि फोंड्याहून बोरीच्या पुलावरून मडगाव ३५. प्रोग्राम आधी कुठलं गाव उघडणार, म्हणजे तिथून पुढचे रस्ते बघणार? पणजी, कारण रांगेत कमी खर्चवाल्याची पाळी आधी, आणि ५० हे ५५ पेक्षा कमी. पणजी उघडल्याबरोबर समोर मडगाव दिसलं, एकूण ११०. तुझा प्रोग्राम इथेच ओरडतो, पोचलो! आणि थांबतो. पण रांगेत फोंडा ५५ वर अजून उभाच आहे ना, त्याला कुणी विचारलंच नाही, तो उघडला असता तर मडगाव ९० मध्ये आलं असतं. म्हणून मडगाव दिसल्यावर थांबायचं नाही, त्याला पण रांगेत उभं करायचं आणि रांगेतून बाहेर काढायची त्याची पाळी येईल तेव्हाच पोचलो म्हणायचं. एका ओळीची जागा बदलायचीय फक्त. मग फोंड्याची पाळी येते, त्यानंतर ९० वाल्या मडगावची, ११० वालं मागेच राहतं.

रसेल आणि नॉर्विग यांचं एआयचं जे जाडजूड पुस्तक तुम्हाला लावलं असेल, १९९५ साली पहिल्यांदा आलं आणि २०२० ला चौथी आवृत्ती, त्यात हेच रोमानियाच्या नकाशावर आहे. अरादहून बुखारेस्टला, एका वाटेने ४५०, दुसऱ्या वाटेने ४१८, आणि घाई करणारा ४५० घेऊन बसतो. उदाहरण उत्तम आहे पण ती गावं आपण बापजन्मी पाहिलेली नाहीत, नावं लक्षात ठेवण्यातच अर्धं डोकं जातं. मी पूर्ण नकाशा गोव्याचा करून परत सोडवला होता तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. तूही कर, एक रविवार जाईल.

ही चूक नसेल तर ह्युरिस्टिक बघ, म्हणजे इथून पुढे किती राहिलं याचा जो अंदाज ए-स्टारला (असा अंदाज धरून रस्ता शोधायची पद्धत ती) देतोस तो. अंदाज कमी सांगितला तर चालतो, जास्त सांगितला तर स्वस्त रस्त्याची हमी गेली. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की दिवाडी समोर दिसते, सरळ रेषेत बघितलं तर हाकेच्या अंतरावर, पण फेरीबोट येऊन, भरून, पलीकडे लागेपर्यंत पंधरा मिनिटं सहज जातात. हाकेचं अंतर हा कमी सांगितलेला अंदाज, प्रोग्राम थोडा जास्त फिरेल पण फसणार नाही. उलट एखाद्याने सांगितलं दिवाडीला तास लागतो, तर प्रोग्राम त्या वाटेकडे फिरकणारच नाही आणि स्वस्त वाट हातची जाईल. चौकटींच्या जाळीवर तिरकं जायला परवानगी असताना पोरं आडवी अधिक उभी अशी घरं मोजतात, तिथे नेमकं हेच होतं, अंदाज जास्त निघतो.

प्रोबॅबिलिटीला तर तू घाबरायचंच कारण नाही, तू रोज तीच करतोस फक्त तिला ते नाव देत नाहीस. धर गोळ्यांच्या १००० पट्ट्या आल्या, त्यातल्या १० खराब. तुमची टेस्ट खराब १० पैकी ९ पकडते, पण चांगल्या ९९० पैकी दर दहातल्या एकीला उगाच खराब ठरवते, म्हणजे ९९. आता टेस्टने खराब म्हटलेल्या पट्ट्या झाल्या १०८, त्यात खरंच खराब किती, ९. बारात एक! टेस्ट वाईट नाहीये, खराब मालच मुळात कमी आहे म्हणून असं होतं. झाला प्रोबॅबिलिटीतला बेजचा नियम. फॉर्म्युला नंतर बघ, आधी आठवडाभर असे १००० चे हिशोब मांड, टक्के लिहूच नकोस, नग लिही. मग बेज नेटवर्क येईल, म्हणजे अशा शक्यता बाणांनी जोडलेली आकृती, तेव्हा बाण बघून घाबरशील थोडा, पण आत हेच आहे.

वेळेचं काय ते स्पष्ट सांगते. असा कोर्स आठवड्याला पंधरा तास खातो, अवघड असाइनमेंटला वीसपण. बसमध्ये लेक्चर ऐकणं यात मी धरत नाही, ते गाणी ऐकण्यासारखं, हात चालत नसतील तर काही शिरत नाही. तुमची डेडलाइन रविवारी रात्री एओई असेल ना, म्हणजे पृथ्वीवर कुठेतरी अजून रविवार शिल्लक आहे तोवर, आपल्याकडे ती सोमवारी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पडते. सगळे म्हणतात वा, जास्तीचा दिवस मिळाला. कसला मिळाला, सोमवारी तू कामावर! तुझी डेडलाइन रविवारी दुपारी जेवणाच्या आधी, असं समज आणि घरात तसं सांगून टाक. आणि टर्म सुरू होताना त्यांचं वेळापत्रक कालनिर्णयशेजारी लावून ठेव, चवथ काही अचानक येत नाही रे, वर्षभर आधी छापलेली असते. बाबांचं बरोबर होतं.

ग्रुपवर सोपं होतं लिहिणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस, ज्यांना अवघड गेलं ते लिहितच नाहीत. २०११ मध्ये सेबॅस्टियन थ्रुन आणि तेच पुस्तकवाले नॉर्विग यांनी स्टॅनफर्डचा एआयचा कोर्स सगळ्या जगाला फुकट उघडून दिला तेव्हा सुमारे १,६०,००० लोकांनी नावं घातली आणि शेवटपर्यंत पोचले साधारण २३,०००. बाकीचे सगळे ढ होते असं म्हणायला मी तयार नाही.

प्रश्न : मी म्हापशाची, बीकॉम झालेली, दोन मुलं शाळेत आहेत, दुपारी चार तास मोकळे मिळतात. एआय शिकावंसं वाटतं पण गणित दहावीनंतर सुटलं आणि एकदम लाखभर भरायची हिंमत नाही. आयआयटी मद्रासची ऑनलाइन डिग्री म्हणतात ती जमेल का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : जमेल, पण उडी तिथे मारू नका, आधी पाण्यात पाय घाला. एनपीटीईएल बघा, आयआयटी आणि आयआयएससीवाल्यांनी मिळून चालवलेलं, लेक्चर फुकट, पैसे फक्त परीक्षा द्यायची असेल तर. प्रा. दीपक खेमानी यांचा सर्च मेथड्सचा कोर्स आहे, प्रा. मौसम यांचा एआयची ओळख करून देणारा आहे, दोन्ही चांगले. दर आठवड्याला असाइनमेंट असते आणि परीक्षा मात्र सेंटरवर जाऊन बसून द्यावी लागते, घरी नाही. बारा आठवडे निभावलात, म्हणजे मुलांची तापं, पाहुणे, वीज जाणं हे सगळं धरून निभावलात, तर पुढचं बोलू.

आयआयटी मद्रासची बीएस डिग्री २०२० ला सुरू झाली, जेईई लागत नाही, आधी चार आठवड्यांचा अभ्यास देतात आणि त्यावर क्वालिफायर परीक्षा, ती पास झालात की प्रवेश. टप्पे आहेत, फाउंडेशन, मग डिप्लोमा, मग डिग्री, आणि मधे थांबलात तरी हातात काहीतरी राहतं, हे मला आवडलं. नाव डेटा सायन्सचं आहे, नुसतं एआय नाही, पण वाट तिथूनच जाते.

गणिताचं सांगायचं तर पायथन आधी शिका, मग मॅट्रिक्स, मग प्रोबॅबिलिटी. कॅल्क्युलस सगळ्यात शेवटी, लोक उलटं करतात आणि पंधरा दिवसांत पळतात. दुपारी घरात लक्ष लागत नसेल तर आठवड्यातून एकदा बस पकडून पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन बसा. मी तिथेच बसायचे. एक गंमत, पुढे तुम्हाला पीसीए म्हणून एक प्रकरण लागेल, भरमसाट आकड्यांतून मोजक्याच महत्त्वाच्या दिशा काढायचं, त्याच्या सख्ख्या भावंडातलं गणित १९४३ साली एका निबंधात मांडणाऱ्यांमध्ये आपले दामोदर कोसंबी होते, गोव्यात जन्मलेले. आपण त्यांना इतिहासकार म्हणूनच ओळखतो. मला हे कळलं तेव्हा त्या प्रकरणाची भीती निम्मी गेली, का ते सांगता येणार नाही.

प्रश्न : असाइनमेंट चॅटजीपीटीकडून करून घेतली तर काय बिघडलं? एआयचाच तर कोर्स आहे. — एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : शब्दांचा खेळ चांगला आहे. बिघडतं ते परीक्षेत, तिथे तू आणि कागद. शिवाय विद्यापीठाने आधीच नियम लिहून दिलेले असतात की काय चालतं, काय नाही, ते न वाचता सही केलीस ना? समजून घ्यायला विचार, माझं लॉजिक कुठे फसलं म्हणून विचार, पण जमा करायची ओळ तुझी तू टाइप कर. गंमत म्हणून एक सांगते. २०१६ मध्ये जॉर्जिया टेकच्या प्रा. अशोक गोयल यांनी आपल्या ऑनलाइन एआयच्याच कोर्सला जिल वॉटसन नावाची टीए, म्हणजे शिकवायला मदत करणारी, लावली, ती पोरांच्या शंकांना उत्तरं द्यायची, आणि ती माणूस नसून आयबीएमच्या वॉटसनवर बांधलेला प्रोग्राम आहे हे पोरांना टर्म संपता संपता कळलं. म्हणजे फसवायचंच असेल तर मास्तर तुझ्या पुढे आहेत.

प्रश्न : मुलगा ऑनलाइन एमएससी करतो म्हणतो एआयमध्ये. दिवसभर खोलीत. ही डिग्री सरकारी नोकरीला धरतात का, की पैसे पाण्यात? — एक आई, डिचोली

उत्तर : आपल्या देशातल्या विद्यापीठाची असेल तर एकच बघा, त्या विद्यापीठाला तो कोर्स ऑनलाइन किंवा डिस्टन्सने चालवायची यूजीसीची मान्यता आहे का. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर यादी असते, ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षाची यादी बघा, आत्ताची नव्हे. यादीत असेल तर ती डिग्री कॉलेजात जाऊन घेतलेल्या डिग्रीच्या बरोबरीची धरायची, असं यूजीसीने २०२२ ला स्पष्टच सांगितलंय. नोकरीच्या जाहिरातीत वेगळी अट असू शकते, ती त्या त्या वेळी वाचावी लागते.

आणि खोलीत बसतो म्हणून काळजी करू नका, त्याला नेमकं काय चाललंय ते विचारा. रस्त्यांची रांग समजावून सांगू शकला, साखळी-फोंडा-मडगाववाली, तर अभ्यास चाललाय. नाही सांगता आली तर वरचं पहिलं उत्तर त्याच्या दारातून आत सरकवा. राऊटरला मात्र छोटा इन्व्हर्टर घेऊन द्या, पावसात डिचोलीत लाइट कधी जाईल याचा अंदाज कुठल्याच मॉडेलला येत नाही.