लहान गावी पहिल्यांदा जाताना

पहिल्यांदाच जाताय, तर गावात उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते वाहकालाच विचारून घ्या. वेळापत्रकावर विसंबू नका, सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी होतात. सुट्टे पैसे जवळ असू द्या.

नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून ठेवा. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, कारण ते थेट उपग्रहांचे संकेत घेतं. बॅटरी मात्र रेंज शोधण्यात भराभर उतरते.

मला विचाराल तर खरी मजा गावाबाहेरच्या पायवाटांवर आहे. सपाटीवर तासाला 4-5 किलोमीटर चालणं होतं. चढ असेल तर दर 600 मीटर उंचीमागे एक तास जादा धरा. डोंगराच्या कुशीत ऊन लवकर सरतं, हे नवख्यांच्या हमखास लक्षात येत नाही. वाट विचारताना ‘हीच ना?’ असं म्हणू नका, समोरचा भिडेखातर ‘हो’ म्हणून जातो. ‘ही वाट कुठे जाते?’ असं विचारा. मग वाटेतला ओढा, घसरडी जागा, सगळं आपसूक कळतं. आणि शेताचं फाटक उघडं असेल तर उघडंच ठेवा, बंद असेल तर आपल्यामागे नीट लावून घ्या.