आकाशाच्या नकाशावरच्या खुणा: नव्या सभासदासाठी

आधी ग्रहांची चिन्हं पाठ करत बसू नकोस. ती ज्योतिषात जास्त दिसतात, दुर्बिणीपाशी क्वचितच लागतात. ग्रीक अक्षरं मात्र शिकून घे, निदान पहिली सात-आठ. जर्मन नकाशाकार बायरने 1603 मध्ये ती ताऱ्यांना दिली, साधारण तेजाच्या क्रमाने. साधारणच, कारण मृगातली काक्षी अल्फा आहे आणि राजन्य बीटा, पण बहुतेक वेळा राजन्यच जास्त तेजस्वी दिसतो.

प्रतीचा, म्हणजे ताऱ्याच्या तेजाच्या मापाचा, आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. व्याध उणे 1.46. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट.

खरी गडबड होते ती विषुवांश आणि क्रांतीत, म्हणजे आकाशातल्या रेखांश-अक्षांशांत. विषुवांश तास-मिनिटांत, क्रांती अंश-कलांत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). इंग्रजी पुस्तकं दोन्हीकडे 'मिनिट'च म्हणतात, पण विषुवांशाचं एक मिनिट म्हणजे खगोलीय विषुववृत्तावर 15 कला. क्रांतीच्या आकड्याआधीचं चिन्हही बघत जा; अधिक म्हणजे उत्तर, उणे म्हणजे दक्षिण. अगस्त्याची क्रांती उणे 52 अंश 42 कला. नाशिकचा अक्षांश अंदाजे 20, म्हणजे 90 मधून 20 गेले, 70, ही दक्षिणेला खगोलीय विषुववृत्ताची उंची; त्यातून 52.7 वजा कर. अगस्त्य दक्षिण क्षितिजावर जेमतेम 17 अंश चढतो. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास अंजनेरीकडे ये, दक्षिणेला डोंगर आड येणार नाही अशी जागा धर आणि हे गणित ताडून बघ. गच्चीवरून समोरची इमारतच दिसेल.

एम (मेसिए) आणि एनजीसी (न्यू जनरल कॅटलॉग) हे तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिकांच्या यादीतले नुसते क्रमांक. ते लागतील तसे बघ.