स्टीव्ह ब्लूमर आणि तुझा पहिला करार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कराराचा मसुदा वाचला. पगाराचा आकडा बरा आहे का, एवढेच तू विचारले आहेस. आकडा बरा आहे. मात्र ज्या कलमांबद्दल तू चकार शब्द काढलेला नाहीस, त्यांविषयी मला अधिक लिहायचे आहे, आणि ती नीट उमगावीत म्हणून आधी स्टीव्ह ब्लूमर या जुन्या इंग्लिश फुटबॉलपटूची हकीकत सांगतो. त्याच्या गोलांची यादी तुला कुठेही सापडेल; त्याने कोणत्या कागदांवर सह्या केल्या, हे सहसा कोणी सांगत नाही.

इंग्लंडमध्ये फुटबॉल खेळण्याचे पैसे घेणे १८८५ पर्यंत नियमबाह्य होते. पैसे दिले जात, पण लपूनछपून. उत्तरेकडच्या गिरणीगावांतल्या क्लबांनी वेगळे होण्याची धमकी दिल्यावर त्या वर्षीच्या जुलैत फुटबॉल असोसिएशनने (एफए, म्हणजे तिथल्या फुटबॉलची नियामक संस्था) व्यावसायिकतेला मान्यता दिली. तीन वर्षांनी बारा क्लबांची लीग सुरू झाली आणि डर्बी काउंटी हा त्या बारांपैकी एक होता. ब्लूमरचा जन्म १८७४ चा, लोखंडकामासाठी प्रसिद्ध असलेल्या क्रॅडली गावचा. वडील लोखंडकाम करणारे. कुटुंब डर्बीला आले आणि पोरवयातच तोही ओतीव लोखंडाच्या कारखान्यात घण मारू लागला. १८९२ मध्ये डर्बी काउंटीने त्याला घेतले ते आठवड्याला साडेसात शिलिंगांवर (वीस शिलिंगांचा एक पौंड). म्हणजे खेळ हे त्याच्या घरी चैनीचे काम नव्हते. भट्टीपुढच्या मजुरीला मिळालेला तो पर्याय होता.

त्याचे खरे नशीब त्या साडेसात शिलिंगांत नव्हते, तर क्लबमध्ये आधीपासून असलेल्या जॉन गुडऑल या खेळाडूत होते. गुडऑल जन्माने लंडनचा, पण स्कॉटलंडमध्ये वाढलेला. चेंडू घेऊन एकट्याने मुसंडी मारण्याऐवजी पासांची साखळी गुंफत पुढे सरकण्याची स्कॉटिश रीत त्याच्या अंगी मुरलेली होती. १८८८-८९ च्या पहिल्याच हंगामात एकही सामना न हरता लीग जिंकणाऱ्या आणि त्याच वर्षी एफए कप हा बाद पद्धतीच्या स्पर्धेचा करंडकही उचलणाऱ्या प्रेस्टनच्या संघात तो होता, आणि त्यानंतर तो डर्बीला आला. त्याने या किडकिडीत, फिकट चेहऱ्याच्या पोराला हाताशी धरले. ब्लूमर दोन्ही पायांनी फटका मारी, पाय फारसा मागे न नेता, चेंडू न थांबवता, जमिनीलगत. गोलरक्षकाला फटका येणार हे कळायच्या आत तो येऊन गेलेला असे. ही देणगी त्याची स्वतःची, यात वाद नाही. पण आपण कुठे उभे राहिलो म्हणजे चेंडू आपल्याकडे येईल, आणि आलेला चेंडू केव्हा स्वतः मारायचा व केव्हा सोबत्याला द्यायचा, हे गुडऑलच्या शेजारी खेळूनच त्याला उमजले, आणि ते ऋण त्याने उघडपणे मान्य केले. म्हणून क्लब निवडताना मैदान, वसतिगृह आणि जर्सीच्या आधी त्या संघात तुझ्या जागेवर खेळणारा तिशीतला माणूस कोण आहे आणि तो शिकवणारा आहे की नाही, याची चौकशी कर. तुझी जागा घेईल म्हणून तुझ्यापासून अंतर राखणारे ज्येष्ठ खेळाडूही असतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांचाही करार संपत आलेला असतो.

मैदानावरची कामगिरी थोडक्यात सांगतो. लीगमध्ये ३५२ गोल. इंग्लंडसाठी २३ सामन्यांत २८ गोल, त्यांतले पाच १८९६ मध्ये कार्डिफला वेल्सविरुद्धच्या एकाच सामन्यात. आपल्या पहिल्या दहाही आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याने गोल केला. मात्र एफए कप त्याच्या हाती कधीच आला नाही. १८९८ आणि १८९९ असे लागोपाठ दोन अंतिम सामने डर्बीने गमावले. एका माणसाच्या गोलांवर संघ किती पुढे जाऊ शकतो, याचे उत्तर त्यात आहे.

आता कागदाकडे येऊ. ब्लूमर ऐन भरात असताना, १९०१ मध्ये, फुटबॉल असोसिएशनने पगारावर कमाल मर्यादा घातली: आठवड्याला चार पौंड. कुशल कारागिराच्या मानाने ही रक्कम चांगली होती, पण इंग्लंडचा सर्वोत्तम गोल करणारा आणि कुठल्याशा क्लबचा सामान्य बचावपटू यांच्यासाठी छत एकच होते. त्याहून जाचक होता तो नोंदणीचा नियम. खेळाडूचा सातबारा जणू क्लबच्या नावावर असे. करार संपला तरी क्लब नोंदणी स्वतःकडे ठेवू शके, आणि क्लबच्या अटी न मानणाऱ्या खेळाडूला पगारही नाही आणि लीगमध्ये दुसरीकडे खेळण्याची मुभाही नाही, अशा स्थितीत दिवस काढावे लागत. १९०६ च्या मार्चमध्ये पैशांची चणचण असलेल्या डर्बीने ब्लूमरला मिडल्सबरो या क्लबकडे पाठवले. व्यवहार ७५० पौंडांचा होता. वर्षभर पगाराच्या कमाल मर्यादेने कमावले तरी खेळाडूच्या हाती जेमतेम २०८ पौंड येत, आणि त्याला विकून क्लबला मिळाले त्याच्या साडेतीनपट. डर्बीलाही तो सौदा लाभला नाही. पुढच्याच हंगामात संघ पहिल्या विभागातून खाली घसरला.

याविरुद्ध खेळाडू गप्प बसले होते असे समजू नकोस. १८९८ मध्ये त्यांची पहिली संघटना उभी राहिली आणि विरून गेली. १९०७ मध्ये मँचेस्टरला दुसरी स्थापन झाली, ती आजही वेगळ्या नावाने टिकून आहे. तरीसुद्धा पगाराची मर्यादा उठायला १९६१ उजाडले, आणि करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवणे हा त्याच्या व्यवसायावरचा अवाजवी निर्बंध आहे, असे न्यायालयाने १९६३ मध्ये ठरवले. तोवर ब्लूमरला जाऊन पंचवीस वर्षे झाली होती.

१९१० मध्ये तो डर्बीला परतला, संघाला १९१२ मध्ये दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि चाळिशी गाठून १९१४ मध्ये त्याने खेळ थांबवला. त्यानंतर पोटापाण्याचे काय? जुलै १९१४ मध्ये तो प्रशिक्षक म्हणून बर्लिनच्या ब्रिटानिया क्लबात गेला. काही आठवड्यांतच महायुद्ध पेटले आणि जर्मनीत सापडलेल्या हजारो ब्रिटिश नागरिकांबरोबर त्यालाही रुलेबेनच्या घोडेशर्यतीच्या मैदानावरील छावणीत डांबण्यात आले. लोक घोड्यांच्या तबेल्यांत राहत. तिथेही बंदिवानांनी फुटबॉलच्या स्पर्धा भरवल्या, आणि त्या छावणीत फ्रेड पेंटलंड यांच्यासारखे इतरही नावाजलेले जुने खेळाडू होते. खेळाडूंच्या पहिल्या संघटनेचे चिटणीस राहिलेले जॉन कॅमेरॉनही तिथेच होते, हा योगायोग मला नेहमी विलक्षण वाटतो. ब्लूमरची सुटका १९१८ मध्ये झाली.

पुढे स्पेनमधल्या, फ्रान्सच्या सीमेवरच्या इरून गावच्या रिआल उनिओनने त्याला प्रशिक्षक नेमले, आणि १९२४ मध्ये अंतिम सामन्यात रिआल माद्रिदला १-० असे हरवून त्या छोट्या गावाच्या क्लबने राजाचा करंडक (कोपा देल रे, स्पेनमधला एफए कपसारखा करंडक) जिंकला. खेळाडू म्हणून जो करंडक त्याला आपल्या देशात मिळाला नाही, त्याच्या तोडीचा करंडक परक्या मुलुखात दुसऱ्यांना शिकवून मिळाला. गुडऑलकडून घेतलेले ज्ञान पाय थकल्यावरही विकता आले, आणि हीच एक गोष्ट अशी होती जिची नोंदणी कोणत्याही क्लबकडे नव्हती. प्रशिक्षकाच्या पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम तू खेळत असतानाच पूर्ण कर, असे मी तुला गेल्या वर्षी सुचवले होते ते याच कारणाने. त्याला मुहूर्ताची गरज नाही.

आता तुझा मसुदा. फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूशी तीन वर्षांहून अधिक मुदतीचा करार करता येत नाही; तुझ्या मसुद्यात तीन वर्षे आणि 'क्लबच्या इच्छेनुसार आणखी दोन' असे लिहिले आहे. ही वाढीव दोन वर्षे एकट्या क्लबच्या मर्जीवर आहेत, तुझ्या नाहीत. ते वाक्य काढून टाकायला सांग, किंवा निदान 'दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीने' असे करून घे. दुखापत झाल्यास शस्त्रक्रियेचा आणि नंतरच्या व्यायामोपचाराचा खर्च कोण करणार, आणि त्या काळात पगार चालू राहील का, याबद्दल मसुद्यात एक अक्षर नाही. तिसरी गोष्ट, तुला दुसऱ्या क्लबकडे उसने पाठवायचे झाल्यास तुझी संमती लागेल, असे कुठेही म्हटलेले नाही. कोल्हापुरात तालमीच्या संघाकडून खेळताना तोंडी शब्दावर भागत असेल, कारण तिथे शब्द देणारा माणूस त्याच पेठेत राहतो आणि रोज समोर येतो. इथे शब्द देणारा व्यवस्थापक पुढच्या हंगामात त्या पदावर असेलच असे नाही. म्हणून तिन्ही गोष्टींची उत्तरे ईमेलने, लेखी मागव.

मसुद्याच्या समासात मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. तू अजून अठरा पूर्ण केलेली नसल्यामुळे सही तुझ्या वडिलांचीही लागेल, तेव्हा त्यांना तो संपूर्ण वाचू दे, आणि त्यांच्या ओळखीच्या वकिलांनाही दाखव. सुधारित प्रत आली की मला पाठव.

तुझा हितचिंतक