खिडकी क्रमांक 3 : दोन क्रेडिटचा विषय

सांगलीतल्या एका महाविद्यालयाच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी प्रवेशाच्या खिडकीवर. मुलं आम्हा सगळ्या क्लार्क लोकांना 'भाऊसाहेब'च म्हणतात, त्यामुळे निवृत्त झालो तरी नाव तेच चिकटलं. मी प्राध्यापक नाही. कुठला विषय थोर हे मला विचारू नका. फॉर्म भरल्यावर पुढे काय होतं ते मात्र मी बघितलं आहे. जून-जुलैत या मासिकाकडं माझ्या नावानं येणारी सगळी पत्रं एकाच सुरात असतात, 'कुठला विषय घेऊ?', म्हणून या वेळी तीनच घेतली आहेत.

पत्र पहिलं

*भाऊसाहेब, सप्रेम नमस्कार. मी कवठेमहांकाळ तालुक्यातली. सांगलीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलाय, रोज एसटीनं ये-जा करते. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स ठरलंय. पण ओपन इलेक्टिव्हच्या रकान्यात बँकिंग, पर्यटन, वृत्तपत्रलेखन आणि मोडी लिपी अशी चार नावं आहेत, आणि भाषेला मराठी किंवा हिंदी. मैत्रिणी म्हणतात पर्यटन घे, स्कोअरिंग आहे. दादा म्हणतो बँकिंग घे. भाषेला हिंदी सोपी म्हणतात. सोमवारपर्यंत फॉर्म द्यायचाय. काय भरू?*

पोरी, आधी एक हिशेब करू, मॅथ्सवाली आहेस म्हणून. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन. नव्या शैक्षणिक धोरणात एका सत्राला 20 ते 22 क्रेडिट असतात. तुझं ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे शाखेबाहेरचा निवडीचा विषय, 2 क्रेडिटचं धर. समज, पर्यटन खरंच स्कोअरिंग निघालं आणि तुला 8 ग्रेड पॉइंटऐवजी 10 मिळाले. 22 क्रेडिटच्या सत्रात सरासरी वाढली किती? 0.18. आता केमिस्ट्री घे, थिअरी-प्रॅक्टिकल मिळून 4 क्रेडिट. तिथं नुसती एक ग्रेड वर चढलीस तरी तेच 0.18. म्हणजे ज्या 'स्कोअरिंग'साठी मुली फॉर्मवर व्हाइटनर लावतात, त्याची किंमत केमिस्ट्रीच्या एका ग्रेडएवढी आहे. मार्कांसाठी घ्यायचा विषय हा नव्हे. पास मात्र व्हावंच लागतं. दोन क्रेडिट म्हणून दुर्लक्ष केलं आणि बॅकलॉग तिसऱ्या वर्षापर्यंत ओढत नेला, अशी मुलं दरवर्षी खिडकीवर यायची.

स्कोअरिंगचा अनुभव माझ्याच घरचा आहे. आमच्या वेळी अर्धमागधी, ही एक जुनी प्राकृत भाषा, म्हणजे मार्कांची खाण. मी ती घेतली, गाइड पाठ केलं, झकास मार्क पडले आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी कोरा झालो. पुढं कितीतरी वर्षांनी, स्टाफरूमच्या दारात चहाला उभा असताना एका सरांच्या बोलण्यात आलं की प्राकृतातलं 'हत्थ' म्हणजे आपला हात, 'कण्ण' म्हणजे कान, 'अग्गि' म्हणजे आग. माझ्या आईच्या बोलण्यातली भाषा मी अख्खं वर्ष शिकत होतो आणि मला पत्ता नव्हता. विषयात खोट नव्हती, मी तो ज्या कारणासाठी घेतला त्यात होती. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीबरोबर पाली आणि प्राकृतालाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पेपरातली बातमी वाचून मी एकटाच हसलो. घरच्यांना वाटलं, काही राजकारणातलं असेल.

आता तुझी चार नावं. बी.एस्सी.वाल्यांना ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरूनच घ्यावं लागतं, म्हणून ही यादी तुला परकी वाटते. वाटू दे. नावावरून मात्र ठरवू नकोस. त्या-त्या विषयाचा अभ्यासक्रम मागून घे, दोन पानांचा असतो. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या वेबसाइटवर सापडेल, नाही सापडला तर विभागात जाऊन माग. 'पर्यटन' नावाखाली एका ठिकाणी नकाशे आणि प्रवासाचं नियोजन असतं, दुसरीकडं नुसत्या व्याख्या आणि प्रकार.

नंतर वेळापत्रक बघ. तुझ्यासारख्या एसटीवाल्या मुलीनं हे सगळ्यात आधी बघायला हवं, आणि नेमकं हेच कुणी बघत नाही. ओपन इलेक्टिव्हला सगळ्या शाखांची मुलं एकत्र बसवायची असतात, म्हणून तास एक तर सकाळी पहिला लागतो, नाही तर प्रॅक्टिकल संपल्यावर शेवटचा. शेवटचा तास तुझ्या गाडीच्या वेळेला येत असेल तर आठवड्यातून दोनदा तू दहा मिनिटं आधी उठणार, आणि सप्टेंबरपर्यंत जायचंच बंद करणार. आमच्याकडं मिरज पूर्वभागातली एक मुलगी होती. वृत्तपत्रलेखनाची हौस दांडगी, लिहायचीही छान. हजेरी भरली नाही ती केवळ गाडीमुळं. पुढं बदलून बँकिंग घ्यायला आली तेव्हा मुदत संपून तीन आठवडे झाले होते.

तिसरं म्हणजे, कोण शिकवतं ते विचार. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ आणि एवढंच विचार: "तास होतात का?" बाकी सगळं त्या आपणहून सांगतील.

माझा कल विचारशील तर मोडी. हसू नकोस. आपल्याकडं घरोघरी पत्र्याच्या ट्रंकेत जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं, गहाणखतं पडलेली असतात आणि एकाच्याही बापाला ती वाचता येत नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडचा कागदोपत्री व्यवहार मोडीत चालत होता. 2023 साली जुन्या कुणबी नोंदी धुंडाळायचं काम निघालं, तेव्हा तहसील कार्यालयांना मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. लिपी शिकायला तीस तास बेताचे आहेत (2 क्रेडिट म्हणजे थिअरीचे तीसच तास), पण सुरुवात होते. हात न उचलता लिहायची लिपी आहे ती. पहिले पंधरा दिवस सगळी अक्षरं सारखीच दिसतात, मग एका दिवशी 'श्री' ओळखू येतो. दादाचं बँकिंगही वाईट नाही. घरात कर्ज, व्याज, पीकविमा यांतलं कुणालाच कळत नसेल तर तेच घे आणि पहिला प्रश्न घरच्या सोसायटीच्या कर्जाचा विचार.

एक ऑफिसातली गोष्ट सांगतो. दुसरी आणि तिसरी पसंती रकाना भरायचा म्हणून भरू नकोस. मोडीला पुरेशी नावं आली नाहीत तर वर्ग रद्द होतो आणि मुलांना दुसऱ्या पसंतीत ढकलतात. 'काय, कुठं मिळणार आहे' म्हणून दुसऱ्या ओळीत वाट्टेल ते लिहिलेली मुलं वर्षभर त्याच वर्गात बसलेली मी बघितली आहेत.

भाषेचं बोलू. आपल्या राज्यात भाषेच्या या गटाला 8 क्रेडिट आहेत, 4 इंग्रजीला आणि 4 भारतीय भाषेला. इंग्रजीतून सुटका नाही, तेव्हा निवड मराठी की हिंदी एवढीच. अभ्यासक्रमात अर्ज, अहवाल, इतिवृत्त, भाषांतर असं काही असेल तर डोळे झाकून मराठी घे. हिंदी सोपी म्हणतात ती बोलायला. लिहायला बसलीस की 'की' आणि 'कि' कुठं ते आठवत बसावं लागतं.

मराठी का, तर एक प्रसंग. फर्स्ट क्लासचा एक बी.एस्सी. झालेला मुलगा खिडकीवर आला. मार्कमेमोवर आईचं नाव चुकलं होतं, दुरुस्ती हवी होती. म्हटलं, अर्ज दे. त्यानं उभ्या-उभ्या लिहिलं: "मार्कमेमोत चूक झाली आहे तरी दुरुस्त करून मिळावा ही नम्र विनंती." कुठल्या सत्राचा मेमो, चूक कोणती, बरोबर नाव काय, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) किती, एकाचाही पत्ता नाही. मी चार वेळा परत लिहून घेतला. मुलगा हुशार होता, इंटिग्रेशन कसंही सोडवायचा. त्याला चार ओळींत आपलं काम सांगणं कुणी शिकवलंच नव्हतं. आणि उद्या तू स्पर्धा परीक्षेकडं वळलीस तर राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत मराठीचा नि इंग्रजीचा पेपर पात्रतेपुरता असला तरी 25 टक्के मिळवावेच लागतात. तिथं अडकलेल्यांचे बाकीचे पेपर कितीही चांगले गेलेले असोत, उपयोग होत नाही.

फॉर्म दिलास की झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घे. त्याला पोच म्हणतात. ती जपून ठेव.

पत्र दुसरं

*नमस्कार भाऊसाहेब. मी वाईची. मुलगी साताऱ्यात बी.कॉम.ला आहे. तिच्या कॉलेजात यंदा 2 क्रेडिटचं जपानी आहे. तिला ते घ्यायचंय. तिचे बाबा म्हणतात त्यापेक्षा जर्मन लाव, जर्मनीत माणसं घेतायत. एवढ्यानं नोकरी मिळते का?*

ताई, एवढ्यानं नाही मिळत. तीस तासांत जपानीतली हिरागानाची 46 आणि काताकानाची 46 अक्षरं, आकडे, वार, स्वतःची ओळख, इतकं झालं तरी शिकवणाऱ्याला हात जोडावेत. कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं, तर पुढंच राहिली. नोकरीच्या ठिकाणी कॉलेजचे दोन क्रेडिट कुणी विचारत नाही. जपानीला जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची पातळी विचारतात, एन-5 पासून चढत एन-1 पर्यंत. ती परीक्षा भारतात जुलै आणि डिसेंबरात होते आणि तुम्हाला जवळचं केंद्र म्हणजे पुणं. जर्मनला तशाच ए-1, ए-2, बी-1 अशा चढत्या पातळ्या असतात. एक फरक लक्षात ठेवा: जेएलपीटीत बोलायची परीक्षाच नसते, जर्मनच्या ए-1 ला तोंड उघडावं लागतं. तुमची मुलगी बुजरी आहे की बडबडी, ते तुम्हाला ठाऊक.

बाबांचं म्हणणं हवेतलं नाही. महाराष्ट्र सरकारनं 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. पण तो नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा हाताच्या कामांभोवतीचा. बी.कॉम.च्या मुलीनं त्या आशेवर भाषा निवडू नये.

मग कॉलेजातलं जपानी सोडायचं का? मुळीच नाही. पुण्यात क्लास लावायचा म्हणजे फी आली, राहणं आलं. त्याआधी सहा महिने, कॉलेजच्या फीत, ही भाषा आपल्याला झेपते का हे बघायला मिळतंय. दिवाळीपर्यंत वहीत रोज एक पान हिरागाना गिरवत असेल तर पुढचा खर्च करा. आठ दिवसांत वही पलंगाखाली गेली तर दोन क्रेडिटवर भागलं, पैसे वाचले. आणि तिच्यावर रागावू नका.

पत्र तिसरं

*सर, मी जत तालुक्याचा. दहावीपर्यंत कन्नड माध्यम, घरीही कन्नडच. बारावी जतलाच केली. आता सांगलीत बी.ए.ला आलोय. भाषेला मराठी घेतलं तर सगळे हसतील अशी भीती वाटते. हिंदी घेऊ का?*

अप्पा, 'सर' नको, भाऊसाहेब म्हण.

मराठी घे. तुला वाटतं तेवढं ते लांब नाही. क्रियापद आपलंही शेवटी, तुमचंही शेवटी. 'ळ' म्हणताना हिंदीवाल्यांना घाम फुटतो, तुझ्या तोंडात तो जन्मापासून आहे. आणि तुला हसणारी ही पोरं घरी भावाला अण्णा, थोरलीला अक्का आणि चुलत्याला अप्पा म्हणतात, ते तुझ्याच भाषेतून आलेलं. सांगितलंस तर गप्प बसतील.

चुकशील कुठं, तेही सांगतो: लिंगात. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या एकाच लिंगात बसतात. मराठीत ती खुर्ची, तो पंखा, ते पुस्तक, आणि याला नियम विचारलास तर मराठीच्या प्राध्यापकालाही डोकं खाजवावं लागेल. म्हणून तू 'माझा पुस्तक' लिहिणार. नवा शब्द वहीत टिपताना त्याच्या आधी तो, ती, ते लिहीतच जा. पहिल्या सत्रात मार्क जातील, दुसऱ्यात कमी जातील. लिहिलेलं कुणाकडून तरी तपासून घे. कॉलेजात नाही जमलं तर या मासिकाच्या पत्त्यावर पाठव, माझ्याकडं लाल पेन अजून आहे.

आता माझं एक काम. मी मिरजेचा. आई मंडईत भाजीवालीशी कन्नडमध्ये घासाघीस करायची, मी पिशवी धरून उभा. तेव्हा कानावर पडलेलं 'एष्टु' आणि 'बेडा' एवढ्यावर मी आजतागायत भाजी आणतो. किती, आणि नको. भाव सांगितला की पुढचं काही कळत नाही. तेव्हा तुझ्या पत्रात एक ते शंभर आकडे कन्नडमध्ये लिहून पाठव, देवनागरीत, ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' जिथं येतात तिथं खूण करून. आमच्यात तो उच्चार नाही, म्हणून मंडईतल्या बायका मला हसतात.